अनवाणी पायांची बखर

सन १९३७ मध्ये हिंदुस्थान सरकारने सहाव्या जॉर्ज बादशहाच्या नावाची जी नवी टपालतिकिटे काढली, त्यांतील कमी किमतीच्या तिकिटांवर केवळ बादशहाची मुद्रा होती. परंतु दोन आण्यांपासून बारा आण्यांपर्यंतच्या प्रत्येक तिकिटावर टपाल वाहून नेण्याचे एकेक साधन चितारलेले होते, आणि त्या साधनांत पहिला मान धावत जाणाऱ्या डाकवाल्याला मिळालेला होता. त्याच्यामागून बैलगाडी, टांगा, उंट, आगगाडी, आगबोट, मोटारलॉरी आणि अखेरीस बारा आण्यांच्या तिकिटावर विमान अशी ती चढती श्रेणी होती. ही तिकिटे छापली गेली नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये. ज्या छापखान्याच्या यंत्रांतून त्या धावणाऱ्या माणसाच्या प्रतिमा हजारोंच्या संख्येने बाहेर पडत होत्या, त्या छापखान्यापासून काही मजलांवर, घाटमाथ्याच्या बाजूला, जिथे बैलगाडी चढत नव्हती आणि टांग्याचे नाव कोणी काढीत नव्हते अशा पेठ-सुरगाण्याकडच्या आडगावांत, सरकारचा कागद काय किंवा घरचा सांगावा काय, जे काही पोहोचायचे ते माणसाच्या पायांनीच पोहोचत होते. तिकिटावर मान आणि प्रत्यक्षात अत्यल्प वेतन, अशी ही त्या पायांची स्थिती होती.

मी हौसेने धावणारा मनुष्य आहे. काही वर्षांपासून नाशिकच्या परिसरात मी कधी संपूर्ण अनवाणी, तर कधी पातळ तळाचे, टाचेला उंची नसलेले आणि बोटांना मोकळीक देणारे बूट घालून धावतो. ह्या धावण्याविषयी आमच्या शहरातील धावणाऱ्या मंडळींत पुष्कळ कुतूहल आहे; परंतु त्याची चर्चा निघाली म्हणजे तिचा आरंभ अमेरिकेतील एखाद्या ग्रंथापासून होतो आणि शेवट एखाद्या परदेशी बुटाच्या किमतीपाशी होतो, याचे मला मनापासून वाईट वाटते. गोदावरीच्या दोन्ही काठांनी आणि सह्याद्रीच्या उतारांवरून शतकानुशतके माणसे अनवाणी किंवा कातड्याच्या पातळ पदरावर चालली आणि धावली. काही चाकरीसाठी, काही सक्तीने, काही नवसापोटी, आणि काही केवळ दुसरा इलाज नव्हता म्हणून. त्या धावण्याची हकीकत एकत्र मांडली, तर अनवाणी पायाचे मर्म आज आपण समजतो त्याहून निराळे दिसू लागते, असे मला वाटते. म्हणून हा प्रयत्न.

पेशवाईच्या दप्तरात जासूद, कासीद आणि हरकारे असे पायी पत्रे नेणारे लोक पदोपदी भेटतात. पत्र बहुधा जासूदजोडीबरोबर रवाना होई; दोघे एकदम निघत, म्हणजे एकाला वाटेत ज्वर आला, चोराने गाठले किंवा नदीच्या पुराने अडविले, तरी लखोटा दुसऱ्याच्या हाती सुरक्षित राहावा. काम विशेष निकडीचे असले म्हणजे अजुरदार जासूद ठरवीत. अमुक रोजांत अमुक मुक्कामी पोहोचावे असा करार होई आणि त्या बोलीवर अजुरा, म्हणजे मेहनताना, ठरे. म्हणजे दिवस मोजून, मजला मोजून, आपल्या पायांची शक्ती पणाला लावून करार करणारा हा व्यावसायिक धावणारा होता, आणि त्याच्या पायांवर राज्याचे व्यवहार अवलंबून होते. पानिपतच्या संहाराची पहिली निश्चित वार्ता नानासाहेब पेशव्यांना जानेवारी १७६१ मध्ये भेलशाच्या मुक्कामी मिळाली, ती सरकारी खलित्यातून मिळाली नाही. सावकारी पत्र घेऊन दक्षिणेकडे निघालेल्या एका कासिदाजवळच्या लखोट्यातून मिळाली. त्या कासिदाचे नाव इतिहासाने जपलेले नाही. सेनापतींच्या घोड्यांची नावे आपल्याला ठाऊक असतात; परंतु ज्याच्या पायांनी ती भयंकर बातमी नर्मदेकडे आणली, त्याच्याविषयी कोणी दोन ओळी लिहिल्या नाहीत.

मोगलांच्या अमलात गुलशनाबाद म्हणविणारे नाशिक अठराव्या शतकाच्या मध्यास पेशव्यांकडे आले आणि त्याला त्याचे जुने नाव परत मिळाले. पुण्याहून खानदेश, बऱ्हाणपूर आणि माळव्याकडे जाणारा, तसाच मुंबई बंदराकडून थळ घाट चढून वर येणारा माणूस याच प्रदेशातून जाई. राघोबादादांचा मुक्काम गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, काठी आनंदवल्लीस असे, तेव्हा पुण्याहून निघालेले किती लखोटे घामाने भिजून त्या वाड्यात पोहोचले असतील, याची कल्पना करावी. आज त्याच आनंदवल्लीवरून गंगापूर धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे धावणाऱ्यांची रीघ लागते. त्या रस्त्याने धावताना मला जासूदजोडीची आठवण होते, ती काही केवळ भावुकतेने होत नाही. त्या काळच्या वहाणेची रचना पाहावी: तळपाय आणि भूमी यांच्यामध्ये कातड्याचे एक-दोन पदर, एक अंगठा आणि एक पट्टा, टाचेखाली उंचवटा नाही, आणि बोटांना कोंडून धरणारे आवरणही नाही. अलीकडच्या पातळ बुटांचे जे गुण म्हणून सांगण्यात येतात, ते सर्व तीत आहेत. पुढे कातड्याची जागा मोटारीच्या टाकाऊ टायरने घेतली. टायरच्या तळाच्या चपला घालून आमच्या जिल्ह्यातील शेतकरी आणि मजूर कैक वर्षे रान तुडवीत आले आहेत. आणि मेक्सिकोच्या डोंगरदऱ्यांत राहणारे ताराउमारा लोक, ज्यांच्या दीर्घ धावण्याची कीर्ती आता जगभर पसरली आहे, तेही टायरच्या तुकड्याला चामड्याची वादी बांधूनच धावतात. दोन खंडांतील गरीब माणसांनी, एकमेकांची वार्ताही नसताना, एकाच टाकाऊ वस्तूपासून एकच पादत्राण घडवावे, हा योगायोग मला फार मोलाचा वाटतो.

इंग्रजी अंमल १८१८ मध्ये आला, पुढे मुंबई-आग्रा रस्ता झाला, आणि १८६५ मध्ये थळ घाटातून आगगाडी इगतपुरीस चढली. मुख्य रस्त्यावरचे धावणे त्यामुळे संपले. आडरानातले संपले नाही. घुंगरू बांधलेली काठी किंवा भाला खांद्यावर टाकून, तिला थैली अडकवून, ठरलेल्या टप्प्यापर्यंत धावत जाऊन पुढच्या गड्याच्या हाती ती सोपवणारा डाकवाला विसाव्या शतकातही ग्रामीण हिंदुस्थानात नोकरीवर होता. घुंगराचा आवाज श्वापदांना दूर ठेवी आणि पुढच्या चौकीला आगाऊ वर्दी देई.

याहून कठोर प्रकार होता वतनी धावण्याचा. गावगाड्यात महार वतनदाराच्या वाट्याला जी कामे लावून दिलेली होती, त्यांत सरकारी कागद पुढच्या गावी पोहोचवणे, वसुलाच्या रकमेबरोबर जाणे, आलेल्या अंमलदाराच्या घोड्यापुढे वाट दाखवीत धावणे ही कामे होती, आणि ती दिवसा-रात्री, पेरणीच्या ऐन हंगामात, घरात कोणी आजारी असताना, केव्हाही फर्मावली जात. अंमलदार घोड्यावर बसलेला आणि वतनदार त्याच्यापुढे पायी धावणारा, हे दृश्य गावाला इतके अंगवळणी पडलेले होते की त्यातील अन्याय कोणाच्या डोळ्यांत खुपत नव्हता. त्यातून गावाच्या वस्तीतून जाताना पायातल्या वहाणा काढून हातात घेण्याची सक्ती अनेक ठिकाणी होती. म्हणजे एकाच माणसाचा पाय कामासाठी अनवाणी, आणि काम संपल्यावर अपमानासाठीही अनवाणी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, त्यामागे ह्या राबणुकीचा सगळा हिशेब होता. आणि ही वतने कायद्याने रद्द होण्यास १९५८ साल उजाडावे लागले.

नाशिकच्या बाबतीत हा विषय पुस्तकी राहूच शकत नाही. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली आणि दादासाहेब गायकवाडांच्या अथक मेहनतीने जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतून हजारो स्त्री-पुरुष पंचवटीत जमले. त्यांपैकी पुष्कळ जण मैलोगणती पायी आलेले होते. देवाच्या दारात पादत्राणे काढावीत ही भाविकाची रीत आहे. परंतु ज्यांना त्या दारापर्यंत येऊच द्यायचे नव्हते, त्यांच्या अनवाणी पायांना कोणती रीत लावायची, याचे उत्तर मंदिराच्या बंद दरवाजांपाशी उभ्या असलेल्या सनातनी मंडळींकडे नव्हते. अनवाणी धावण्याच्या आनंदाविषयी जो कोणी नाशकात बसून लिहील, त्याने हा इतिहास ओलांडून पुढे जाऊ नये. मी तो ओलांडू इच्छीत नाही.

स्वेच्छेने अनवाणी होण्याची मोठी परंपराही याच भूमीत आहे, आणि ती आजही पूर्ण जिवंत आहे. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीची फेरी होते. वीस-एक किलोमीटरांचे ते चालणे असते, त्याहून दुप्पट लांबीची मोठी फेरीही काहीजण करतात, आणि रविवारच्या रात्रीपासूनच माणसांचा ओघ सुरू होतो. आकाश गळत असते, वाटेवर पोटरीपर्यंत चिखल झालेला असतो, आणि त्या चिखलाखाली काळ्या पाषाणाच्या धारदार कपऱ्या दडलेल्या असतात. ह्या फेरीत पुष्कळ लोक अनवाणी असतात. त्यांच्यामागून चालताना मी एक गोष्ट बारकाईने पाहिली. शहरातला तरुण, ज्याने नवस म्हणून त्याच दिवसापुरती पादत्राणे सोडलेली असतात, तो टाच प्रथम आपटतो, दचकतो, पाय उचलतो आणि दुसरीकडे टाकतो. त्याच्याच पुढे एखादी खेड्यातली आजी, डोक्यावर प्लॅस्टिकची घोंगती घेऊन, त्याच वाटेने निवांत चाललेली असते. तिचे पाऊल आखूड असते. चवड्याची बाहेरची कड प्रथम जमिनीला लागते, मग पाऊल आत वळते, जमिनीचा अदमास घेते, आणि पाहिजे तेवढाच भार खाली सोडते. टोचेल असे काही लागलेच तर भार पडण्याआधीच पाऊल बाजूला सरकलेले असते. डोळे पुढच्या माणसाच्या पाठीवर आणि मुखात नाम. हे सगळे तिला कोणी शिकविलेले नसते, आणि ती ते शब्दांत सांगूही शकणार नाही.

सप्तशृंगीच्या वाटेवर असेच. चैत्रात आणि नवरात्रात नाशिकहून, खानदेशातून, त्याही पलीकडून लोक गडाकडे पायी निघतात. चैत्री यात्रेच्या उन्हात वितळू पाहणाऱ्या डांबरावर अनवाणी चालणाऱ्या बायका रस्त्याच्या कडेची माती धरून चालतात. कोजागिरीला कावडी येतात. खांद्यावर नद्यांचे पाणी घेऊन येणाऱ्या कावडवाल्यांचा पदन्यास पाहण्यासारखा असतो. पाणी हिंदकळू नये म्हणून गुडघे किंचित वाकलेले, कंबर स्थिर आणि पावले लहान व जलद. उत्तम धावणे शिकविणारे शिक्षक आज जे सांगतात, ते कावडीच्या दोन घागरींनी फार पूर्वी शिकवून ठेवले आहे.

आता नाशिकबाहेर थोडे जाणे भाग आहे, कारण अनवाणी पाय आणि भारताचा ऑलिंपिक इतिहास यांची गाठ महाराष्ट्राच्याच मातीत पडलेली आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्षपद सर दोराबजी टाटा यांच्याकडे होते. १९१९ मधील जिमखान्याच्या शर्यतींत त्यांनी पाहिले की धावणारे बहुतेक शेतकरी वर्गातील होते, शास्त्रशुद्ध तालमीचा त्यांना गंध नव्हता, ते अनवाणी धावत होते, आणि तरीही त्यांच्या वेळा युरोपातील धावपटूंच्या वेळांच्या तुलनेत उपेक्षणीय नव्हत्या. ह्या दर्शनातून पुढे मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांचे साहाय्य मिळून १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी हिंदी चमू धाडण्यात आला. त्यात बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले होते. त्या वर्षीची मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब, बेचाळीस किलोमीटर साडेसातशे मीटरांची होती. चौगुल्यांनी ती २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. पुढे १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली आणि दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष झाले. ह्या सबंध इमारतीच्या पायथ्याशी पुण्याच्या मैदानावर धावलेले ते अनामिक शेतकरी आहेत, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांत यावयास हवी होती.

जगाच्या इतिहासात अनवाणी धावण्याचे नाव निघाले की इथिओपियाचा अबेबे बिकिला आठवतो, आणि ते योग्यच आहे. १९६० मध्ये रोमच्या दगडी रस्त्यांवरून, सायंकाळच्या मशालींच्या उजेडात, २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत तो मॅरेथॉन जिंकला. मात्र त्याच बिकिलाने चार वर्षांनी टोकियोस बूट घालून, त्याहूनही कमी वेळात, तेच विजेतेपद पुन्हा मिळविले, याची आठवण क्वचितच काढली जाते. रोमला त्याला बूट सोडावे लागले ते पायांत नीट बसेना म्हणून. बूट हा त्याचा शत्रू नव्हता.

धावण्याचे जाड तळाचे बूट प्रचारात आले ते १९७० नंतर. २००९ मध्ये क्रिस्टोफर मॅकडूगल यांचा ताराउमारांवरील ग्रंथ निघाला, २०१० मध्ये हार्वर्डचे डॅनिएल लिबरमन यांनी ‘नेचर’ ह्या नियतकालिकात दाखवून दिले की सवयीने अनवाणी धावणारे लोक बहुधा चवड्यावर उतरतात आणि त्यामुळे टाच आपटण्याने बसणारा तीव्र धक्का टळतो. मग पाच बोटांचे बूट लोकप्रिय झाले, आणि अनवाणी धावण्याची मोठी लाट पसरली. ती लवकरच ओसरली. त्या पाच बोटांच्या बुटांचे फायदे अतिशयोक्त सांगितल्याच्या दाव्यात कंपनीने २०१४ मध्ये साडेसदतीस लाख डॉलर देऊन तडजोड केली. घाईने बूट बदलणाऱ्यांच्या पायांच्या हाडांत सूज आढळल्याचे अभ्यासही निघाले. उत्तर केनियातील दासानाच लोक सवयीने अनवाणी असूनही सावकाश धावताना बहुधा टाचेवरच उतरतात, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. म्हणजे अनवाणी पायाचा एकच सर्वमान्य नियम नाही. जमीन, वेग, सवय आणि वय यांनुसार तो बदलतो. मला ह्यात आश्चर्य वाटले नाही. ब्रह्मगिरीच्या फेरीत ज्याने तासभर पावले न्याहाळली, त्याला हे ठाऊकच असते.

नाशिकची जमीन अनवाणी पायाला चांगला गुरू आहे, पण लाड करणारा गुरू नव्हे. गोल्फ क्लबच्या, म्हणजे आताच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाच्या मातीवर आरंभ करणे सोपे जाते. शहराबाहेर, पांडवलेण्यांच्या पायथ्याच्या बाजूला किंवा धरणाकडच्या मळ्यांतून गेलेल्या वाटांवर मुरूम असतो. पाऊस उघडल्यानंतर काही दिवस तो दाबून बसलेला आणि किंचित ओलसर असतो, आणि त्यावर धावण्याइतके सुख दुसरे नाही. पण लगेच आश्विन-कार्तिकात गवत वाळते, कुसळे तळव्यात शिरतात, आणि सराटे टाचेला असे रुततात की वाटेत थांबून, पाय गुडघ्यावर घेऊन, नखाने ते एकेक उपटावे लागतात. कुसळ मात्र नखाने निघत नाही. घरी येऊन कोमट पाण्यात पाय बुडवून, सुईच्या टोकाने कातडी उकलावी लागते, आणि दुर्लक्ष केल्यास तिथे पुढे कुरूप होते. पौषाच्या पहाटे मुरूम इतका गार असतो की पहिला काही वेळ बोटांना संवेदनाच नसते. अशा वेळी अनवाणी धावू नये, पातळ तळाचे बूट घालावेत, हे माझे स्पष्ट मत आहे; कारण अनवाणी धावणाऱ्याचे सगळे संरक्षण त्याच्या तळव्याच्या जाणिवेत असते, आणि ती जाणीवच बधिर झाल्यावर अनवाणी राहण्यात काही अर्थ उरत नाही. तळवा कठीण झाला की काम झाले, ही समजूतही अपुरी आहे. कातडी जाड होते खरी, परंतु खरा पालट पोटरीत, घोट्यात आणि पावलाच्या कमानीत होतो, आणि तो सावकाश, एका-दोन पावसाळ्यांच्या हिशेबाने होतो. ज्यांना महिन्याभरात होईल असे वाटते, त्यांच्या पोटऱ्या आणि हाडे त्यांना थांबवितात.

हे सारे ज्ञान ज्या लोकांजवळ जन्मापासून होते, त्यांच्याकडे आता वळतो. त्र्यंबकच्या पलीकडे हरसूल आणि पेठ हा कोकणा, वारली, महादेव कोळी अशा आदिवासींचा मुलूख आहे. नागली-वरईची उताराची शेती, पावसाळ्यात धो-धो पाऊस, आणि उन्हाळ्यात मात्र हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरून जाणाऱ्या बायका-मुली. हरसूलच्या परिसरातील सावरपाडा नावाच्या पाड्यावर १९८५ मध्ये जन्मलेली कविता राऊत अशाच वाटांवर वाढली. पाणी आणणे, शाळेस जाणे, सगळे पायी. आणि शाळेच्या शर्यतींत ती धावू लागली तीही अनवाणीच, कारण धावायला कोणतेही साहित्य लागत नव्हते. पुढे नाशिकला प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांच्या नजरेखाली तिचा सराव झाला. ८ ऑक्टोबर २०१० रोजी दिल्लीच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत दहा हजार मीटरांत दोन केनियन धावपटूंच्या मागून ती ३३ मिनिटे ५.२८ सेकंदांत तिसरी आली. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तिने तेच अंतर ३१ मिनिटे ५१.४४ सेकंदांत कापले. केरळच्या प्रीजा श्रीधरनने तिला एका सेकंदाहूनही कमी अंतराने मागे टाकून सुवर्ण घेतले, आणि कविताला रौप्य मिळाले. पाच हजार मीटरांत कांस्यही मिळाले. लोक तिला ‘सावरपाडा एक्सप्रेस’ म्हणू लागले. २०१२ मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला आणि २०१६ मध्ये रिओच्या ऑलिंपिकमध्ये ती मॅरेथॉन धावली. तिच्यामागून मोनिका आथरे, संजीवनी जाधव अशा मुली नाशिक जिल्ह्यातून राष्ट्राच्या आणि जगाच्या मैदानांवर उतरल्या.

कविताच्या यशाचे वर्णन करताना वृत्तपत्रांनी तिच्या अनवाणी बालपणाचा उल्लेख इतक्या वेळा आणि इतक्या कौतुकाने केला, की जणू दारिद्र्य हीच तिची तालीम होती. हे मला मान्य नाही. डोंगरवाटांनी तिच्या पायांत आणि छातीत बळ भरले, यात शंका नाही. परंतु त्याच वाटांवर, तेवढाच हंडा घेऊन, तेवढ्याच अनवाणी चालणाऱ्या शेकडो मुली होत्या, आणि त्यांची नावे कोणत्याही पदकाच्या यादीत आली नाहीत. फरक पडला तो प्रशिक्षकामुळे, मैदानामुळे, पोटभर आणि योग्य आहारामुळे आणि योग्य वेळी मिळालेल्या बुटांमुळे. डांबरी रस्त्यावर किंवा कृत्रिम धावपट्टीवर दिवसेंदिवस मैलच्या मैल धावणाऱ्या मुलीला बूट हवेतच. तिने ते मागावेत, तिला ते मिळावेत, आणि ते घालून तिने धावावे, यात तिच्या पायांच्या मूळ विद्येचा काहीच अवमान नाही.

अनवाणी पायाची थोरवी सांगायची तर ती त्याच्या मालकाच्या इच्छेवर अवलंबून आहे, असे मी समजतो. जासुदाला करार करण्याची मोकळीक होती, म्हणून त्याच्या धावण्यात कसब आणि अभिमान होता. वतनी धावणाऱ्याला नकार देता येत नव्हता, म्हणून तेच धावणे वेठ झाले. फेरीतली आजी आपल्या नवसाची धनीण आहे, म्हणून तिच्या जखमेचेही तिला दुःख नाही. मी अनवाणी धावतो तेव्हा बूट माझ्या घरी मांडणीवर ठेवलेले असतात. सावरपाड्याच्या मुलीला ही निवड नव्हती. तिची विद्या माझ्यापेक्षा शतपटीने मोठी. परंतु जोवर तिच्यापुढे निवड नाही तोवर माझ्या छंदाला तिच्या नावाचा आधार देणे मला शोभणार नाही, मग कितीही आदराने ते केले तरी.

ह्या जिल्ह्याच्या धावण्याचा इतिहास अजून कोणी सलग लिहिलेला नाही. पेशवे दप्तरातील अजुऱ्याचे हिशेब आहेत, टपालखात्याचे कागद आहेत, जिमखान्यांची जुनी इतिवृत्ते आहेत; ती अभ्यासकांनी तपासावीत. परंतु जे कागदावर कधीच उतरले नाही त्याची निकड अधिक आहे. घाटमाथ्याच्या गावांतून टपालाची थैली वाहिलेली वृद्ध माणसे कोठे हयात असली, तर त्यांच्या मजला, त्यांचे वेतन, पुरात नदी कोठून ओलांडीत, काट्यावर काय लावीत, हे त्यांच्याच तोंडून टिपून घ्यावे. आणि हरसूल-पेठेकडून नाशिकच्या मैदानावर येऊन धावणाऱ्या प्रत्येक मुलीला एक प्रश्न अवश्य विचारावा: पायांत पहिला बूट कोणत्या वर्षी आला, तो कोणी घेऊन दिला, त्याची किंमत काय पडली, आणि त्यासाठी घरात कोणता खर्च मागे ठेवावा लागला.